बुळकांडी, बकरीची लस आणि बडवलेला बैल

पाळीव कुत्र्या-मांजरांची नसबंदी करावी का, त्यांना टोचलेली लस कितपत निर्धोक असते, हा वाद आज शहरांतून रंगतो. गोठ्यातल्या जनावरांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न फार जुना आहे, आणि तिथे त्याच्या उत्तरावर घराची भाकरी अवलंबून होती. हा थ्रेड त्या जुन्या प्रश्नाविषयी.

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीचा परिसर घ्या. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. जमीन काळी, चिकण. अशा रानात जड नांगर ओढायला एक जोडी पुरत नसे. दोन-तीन जोड्या एकापुढे एक जुंपाव्या लागत. ऐन मृगात बैल गेला तर पेरणी हुकते, पेरणी हुकली की सावकाराचे दार. बैलाच्या जिवाची जोखीम ही सगळ्या घराचीच जोखीम होती.

तरीही एक मोठी जोखीम शेतकरी दर पिढीला आपणहून पत्करत असे. गोऱ्हा अंगाने भरला, वशिंड उभे राहिले, की त्याला पाडून, पाय बांधून बडवले जाई. अंडकोषाच्या शिरा दगडावर किंवा लाकडावर ठेचून निकामी करायच्या, म्हणून हे ‘बडवणे’. वेदना भयंकर होत. सूज येई, कधी जखम चिघळून त्यात किडे पडत, कधी धनुर्वात होऊन जनावर हातचे जाई. हे सर्वांना ठाऊक होते आणि तरी ते चालत राहिले, कारण न बडवलेला खोंड औताला नीट चालत नाही. विसाव्या शतकात इटालियन पशुवैद्य बर्डिझो याच्या नावाचा चिमटा आला. त्याने कातडी न फाटता शिरा आतल्या आत दबतात. मुंबई इलाख्यात १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा झाला, आणि लागू केलेल्या भागांत परवाना नसलेला वळू खच्ची करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. बडवण्याला गावाची हरकत नव्हतीच. आता फक्त कोणता बैल बडवायचा हे ठरवणारा बदलला, आणि माझ्या बैलाचे मी पाहीन म्हणणाऱ्याला ते खुपणे साहजिक होते.

सुईची गोष्ट वेगळी. ती आली बुळकांडीच्या मागोमाग. ताप, डोळ्यानाकातून स्राव, तोंडात व्रण, मग रक्ती हगवण. आठवड्या-दीड आठवड्यात दावण रिकामी. १८६५ नंतर इंग्लंडने ही साथ आजारी आणि संशयित जनावरे मारून आटोक्यात आणली. हिंदुस्थानात तसे करणे धर्मभावनेमुळे शक्यच नव्हते. १८६९ मध्ये पशुवैद्य हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, १८७१ मध्ये त्याचा अहवाल आला, पण हाती उपाय नव्हता. तो शोधण्यासाठी १८८९ साली पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उभी राहिली. संसर्गाची जनावरे दाट वस्तीजवळ ठेवणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ असे पुण्यात आहे, हे पुणेकरांनाही क्वचितच माहीत असते.

पहिले उपाय खरोखरच धोक्याचे होते. रॉबर्ट कॉख याने दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचण्याची पद्धत मांडली, आणि १८९७ मध्ये तो मुक्तेश्वरलाही येऊन गेला. पित्ताने काही जनावरे वाचत, काहींना तोच रोग जडे. पुढे आले सीरम; ते निर्धोक, पण त्याचे संरक्षण थोड्याच दिवसांचे. म्हणून एका बाजूला सीरम आणि दुसऱ्या बाजूला रोगी जनावराचे रक्त, अशी दुहेरी टोचणी सुरू झाली. त्या रक्तातून गोचीड-तापाचे जंतूही निरोगी बैलाच्या अंगात जात, किंवा त्याच्या अंगात आधीच दबून असलेले उसळून येत. बुळकांडीतून सुटलेला बैल गोचीड-तापाने दगावे.

शिवाय पशुवैद्य गावात पोहोचे तो साथ आल्यावर. तोवर कित्येक जनावरांत रोग आधीच मुरलेला असे. आज टोचले, चार दिवसांनी मेले. डोळ्यांदेखत घडलेल्या या क्रमावरून मालकाने सुईला दोष दिला, तर त्याला अडाणी ठरवणे सोपे आहे. सरकारी कागदांतून तसे ठरवलेही गेले. पण त्या काळची सुई अनेकदा खरोखरच दोषी होती, आणि कोणता मृत्यू सुईचा, कोणता साथीचा, हे गोठ्यात उभे राहून कोणालाच सांगता येत नव्हते.

उत्तर सापडले ते बकरीत. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स याने बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांत वाढवायला घेतला. हेतू साधा होता: बकरीच्या रक्तात बैलाच्या गोचीड-तापाचे जंतू नसतात. पण एका बकरीतून दुसरीत, असा फिरत फिरत तो विषाणूच सौम्य झाला. १९३० च्या दशकारंभी मध्य प्रांतात, ज्यात तेव्हा आपला विदर्भही होता, स्टर्लिंग या पशुवैद्याने सीरम न देता नुसता हा विषाणू मैदानी गुरांना टोचून पाहिला, आणि तो त्यांना मानवला. तरी ताप येई, दूध आटे, बैल काही दिवस जुंपता येत नसे, गाभण गाय कधी गाभ टाकी. डोंगरी आणि विलायती संकराची गुरे तर या लशीने मरतही. गावठी बैलाला तारणारी लस संकरित गाईला घातक ठरावी, हा पेच पुढे दुधाच्या संकरित गाई वाढल्या तसा अधिकच बोचू लागला.

१९५४ मध्ये देशभर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली ती याच बकरीच्या लशीवर. १९६० च्या आसपास केनियात वॉल्टर प्लाउराइट याने पेशीसंवर्धनावर केलेली लस तयार केली. ती कोणत्याही जातीच्या गुराला सोसली. ती येथेही रुळल्यावर पेच सुटला.

शेवटचा टप्पा गंमतीचा आहे. भारतातली शेवटची साथ १९९५ ची. पण रोग गेला हे सिद्ध करायचे तर लस थांबवणे भाग होते. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातली प्रतिपिंडे रोगातून आली की सुईतून, हे ओळखता येत नाही. म्हणून ज्या दावणींना टोचण्यासाठी पशुवैद्य पिढ्यान्‌पिढ्या मालकांची मनधरणी करत आले, त्याच दावणींतून न टोचलेल्या जनावरांचे रक्त ते तपासणीसाठी गोळा करू लागले. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला, २०११ मध्ये सारे जग. २०१९ साली इंग्लंडच्या पर्ब्राइट संस्थेने आपल्याकडचे विषाणूचे नमुने नष्ट केले; काही मोजक्या प्रयोगशाळांत ते अजून कुलूपबंद आहेत.