पूल तोडणारा आणि पूल राखणारा

युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे ठळक अक्षरांत येतात. सेनेसाठी ज्यांनी वाटा केल्या, त्यांचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो. अभियंता-अधिकाऱ्याचे कर्तव्य तर मोठे विलक्षण. सैन्य पुढे चालले की त्याने पूल बांधावा, मागे फिरले की पूल उडवावा. ब्रिटिश सेनेच्या रॉयल एंजिनिअर्स दलातील कॅप्टन थिओडोर राइट याच्या आयुष्याचे अखेरचे तीन आठवडे या दोन टोकांमध्ये गेले.

दि. २३ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जममधील मॉन्स येथे ब्रिटिश सेना कालव्याच्या काठी जर्मनांना सामोरी गेली. शत्रूच्या संख्याबळापुढे माघार अटळ ठरली आणि कालव्यावरील पूल उडविण्याची आज्ञा झाली. सुरुंगाचे काम घाईचे नव्हे. दारू पुलाच्या तुळयांशी घट्ट बसवावी लागते, तिला जोडलेली विजेची तार दूर आडोशाला न्यावी लागते. एक सांधा निसटला तरी सारा खटाटोप व्यर्थ. मारिएतच्या पुलापाशी राइट गोळ्यांच्या वर्षावात ही तार जोडू लागला, तो त्याच्या डोक्याला जखम झाली. जखम घेऊनच त्याने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तोही फसला, पूल उभाच राहिला. त्याच दिवशी जेमाप येथे लान्स कॉर्पोरल चार्ल्स जार्व्हिस याने सुमारे दीड तास गोळीबारात खपून आपला पूल मात्र उडविला.

पुढे दीर्घ माघार झाली, मार्नच्या लढाईने युद्धाचे पारडे फिरले आणि ब्रिटिश सेना फ्रान्समधील एन नदीवर येऊन ठेपली. १४ सप्टेंबर रोजी वैली येथे पाचव्या घोडदळ ब्रिगेडला नावांच्या तरत्या पुलावरून पार होण्यास राइट साहाय्य करीत होता. जखमी शिपायांना आडोशाला नेत असतानाच त्याला प्राणांतिक जखम झाली. वय अवघे एकतीस. तेथीलच दफनभूमीत तो विसावला आहे.

नोव्हेंबरमध्ये राइट आणि जार्व्हिस या दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. वर्गात ही हकीकत सांगितली की एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, ‘पण गुरुजी, राइटचा पूल तर उडालाच नाही!’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्या गौरवातच आहे. मॉन्सचा फसलेला प्रयत्न आणि वैलीचे प्राणार्पण यांची नोंद तेथे एकाच मानाने झाली आहे.

वैलीनंतर सहाच आठवड्यांनी, २८ ऑक्टोबर रोजी, आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या न्यव शापेल येथे ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळाप्रमाणे लढल्या. त्यांतील कित्येक अधिकारी व शिपाई पुन्हा परतले नाहीत. परीक्षेच्या गुणांवरच माणसाचे मोल ठरविण्याची सवय जडलेल्या आम्हां शिक्षकांनी तरी या माणसांचा हिशेब केवळ यशाच्या मापाने करू नये.