बुळकांडी गेली, लाळ्या राहिला

बुळकांडी हा शब्द आता आमच्या गावात चेष्टेपुरता उरला आहे. लग्नातलं जेवण सोसलं नाही की पोरं हसत म्हणतात, "बुळकांडी लागली." माझ्या आजीने हा शब्द कधी हसून उच्चारला नाही.

आजी सांगायची, आधी जनावर चारा सोडायचं. अंग तव्यासारखं तापायचं, डोळ्यां-नाकातून पाणी, तोंडात चट्टे, मग घाण वासाचे जुलाब. आठ-दहा दिवसांत खुंटा रिकामा. एका गोठ्यात शिरली की अख्खी आळी धुऊन न्यायची. मरीआईला नैवेद्य व्हायचा, शिवेवर नारळ फुटायचे. पण वाफसा कुणासाठी थांबत नाही. जोडीतला एक बैल गेला तरी पेरणी अडते, आणि पेरणी अडली की सावकाराची पायरी चढावी लागते. गावातल्या कितीतरी जमिनी अशाच गहाण पडल्या, असं ती म्हणायची.

या रोगावरच्या कामाला आपल्या पुण्याशी जुना धागा आहे. इंग्रज सरकारने जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी 1889 साली पुण्यात प्रयोगशाळा काढली. 1893 मध्ये ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला नेली. तिथे 1920 नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुन्हा पुन्हा फिरवला. फिरता फिरता तो गाईबैलांसाठी नरम पडला. तोच पुढे लस म्हणून टोचू लागले. स्वातंत्र्यानंतर 1954 साली सरकारने बुळकांडी हटवायची मोहीम हाती घेतली. पुढे वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात पेशींवर वाढवलेली, आणखी निर्धोक लस तयार केली.

मी लहान असताना जनावरांचे डॉक्टर बर्फाच्या थर्मासात लस घेऊन यायचे. चावडीपुढे बैलांची रांग लागायची. तेव्हा आम्हाला वाटायचं, सुईत औषध आहे. पुढे एका डॉक्टरसाहेबांनी समजावलं, लस म्हणजे औषध नव्हे. रोगाचा नरम केलेला किंवा मेलेला विषाणू अंगात सोडायचा. रक्त त्याला ओळखतं, त्याच्याशी लढणारी द्रव्यं तयार करतं आणि ती ओळख जपून ठेवतं. खरा रोग आला की रक्त आधीच तयार असतं. मात्र या तयारीला दोन-तीन आठवडे लागतात. साथ दारात आल्यावर सुई शोधणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

बुळकांडीचा विषाणू माणसाच्या गोवराच्या कुळातला. त्याचं रूप एकच, ते बदललं नाही. म्हणून चांगली टोचलेली एक लस बहुधा जन्मभर पुरायची. जगलं-वाचलेलं जनावरही रोग अंगात बाळगून फिरत नसे. त्यामुळे तो हटवता आला. भारतात 1995 नंतर बुळकांडीचं जनावर सापडलं नाही. मग लस थांबवून, रक्त तपासून, रोग खरंच गेला का याची खात्री केली. 2006 साली देश मुक्त ठरला आणि 2011 साली सारं जग. माणसाच्या देवीनंतर जगातून उखडलेला हा दुसरा रोग.

लाळ्या-खुरकूत तसा नाही. त्याची रूपं अनेक. आपल्याकडे ओ, ए आणि आशिया-1 अशी तीन चालतात. एकाची ओळख दुसऱ्याला चालत नाही, म्हणून लसीत तिन्ही घालावी लागतात. त्यात विषाणू मेलेला असतो, त्यामुळे रक्ताची आठवण लवकर विरते. दर सहा महिन्यांनी ताजी करावी लागते. शिवाय बरं झालेलं जनावरही घशात विषाणू बाळगू शकतं. वासराचं गणित आणखी वेगळं. गाईच्या चिकातून त्याला आईची ताकद मिळते, आणि तीच ताकद लवकर टोचलेल्या लसीला निष्फळ करते. म्हणून पहिली सुई चौथ्या महिन्यात आणि महिन्याने दुसरी.

2019 पासून केंद्र सरकारची लाळ्या-खुरकुताची मोठी मोहीम चालू आहे. लस फुकट आहे, दारात येते. तरी आमच्या गावात माणसं गोठ्याची कडी लावून घेतात. "सुई दिली की दोन दिवस दूध घटतं," म्हणतात. घटतं, खोटं नाही. अंग थोडं तापतं, कधी टोचल्या जागी गाठ येते. पण ते रक्त कामाला लागल्याचं लक्षण आहे. लाळ्या झाला तर दूध महिनोन् महिने वर येत नाही, आणि लहान वासरू काळजाला धक्का बसून उभ्या उभ्या मरतं.

माझ्या नातवाच्या वयाच्या पोरांनी बुळकांडी पाहिली नाही, ही आनंदाची गोष्ट. पण ती आपोआप गेली असं त्यांना वाटतं, तिथे मला भीती वाटते. ती गेली, कारण गावोगावी कुणीतरी थर्मास घेऊन चालत आलं आणि माणसांनी दावं सोडून बैल रांगेत आणले. लाळ्याला तर वर्षातून दोनदा रांग लावावी लागणार. एकाने कडी लावली की रोगाला राहायला घर मिळतं, आणि तिथून तो शेजारच्या दावणीला पोचतो.