प्रेताचे पंच कोण? कोरोनर, पंचनामा आणि आपली माणसं

विहिरीत प्रेत सापडतं. पोलीस पाटील ठाण्याला कळवतो. जमादार येतो, 'आकस्मिक मृत्यू' अशी नोंद होते. जमलेल्यांपैकी दोन-तीन जणांना पंच म्हणून उभं करतात, त्यांच्या सह्या घेतात. प्रेत सरकारी दवाखान्यात जातं, व्हिसेरा राखून ठेवतात आणि दिवे लागायच्या आत मातीही उरकते. बीड जिल्ह्यात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे पाहिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवरच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या बापाने मला एकच प्रश्न विचारला होता : "ताई, कागदावर सह्या कुणाच्या हायेत?" सह्या होत्या, त्याचा ज्यांच्यावर संशय होता त्यांच्याच भावकीच्या.

त्या बापाच्या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. तो आपल्याला माहीत असला पाहिजे.

इंग्लंडमध्ये ११९४ साली 'कोरोनर' हे पद निर्माण झालं. ते न्यायाच्या कळवळ्यातून आलं नव्हतं. संशयास्पद मृत्यूतून राजाला मिळणारा दंड आणि जप्तीचा माल कुणी मधल्यामध्ये लाटू नये म्हणून हा राजाचा माणूस नेमला जाई. पण काळाच्या ओघात एक महत्त्वाची गोष्ट घडली. मृत्यूची चौकशी पोलिसांपासून वेगळी झाली, उघडपणे होऊ लागली, साक्षी शपथेवर होऊ लागल्या आणि निष्कर्ष सामान्य माणसांची ज्युरी देऊ लागली.

इंग्रजांनी ही पद्धत भारतात आणली, पण फक्त आपल्या शहरांत. १८७१ च्या कोरोनर कायद्याने मुंबई आणि कलकत्ता या इलाखा शहरांसाठी कोरोनरची व्यवस्था घालून दिली. अपघात, खून, आत्महत्या, अज्ञात कारणाने अचानक आलेला मृत्यू आणि तुरुंगात झालेला कैद्याचा मृत्यू, या सगळ्यांची चौकशी त्याच्याकडे होती. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या परकीय सरकारलाही एवढं कळत होतं की तुरुंगात माणूस मेला तर तुरुंगवाल्यांनीच त्याचा अहवाल लिहू नये.

मुंबईबाहेर मात्र कोरोनर नव्हता. तिथे फौजदारी संहितेचं कलम १७४ होतं. त्याप्रमाणे पोलीस अधिकाऱ्याने जागेवर जायचं आणि शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक 'प्रतिष्ठित' रहिवाशांसमक्ष प्रेताची तपासणी करून मृत्यूचं दिसतं ते कारण लिहायचं. आपला बीड जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात विलीन झाल्यावर देशाची फौजदारी संहिता इथे आली, पण कोरोनर कधीच आला नाही. मुंबईतल्या मृताला स्वतंत्र न्यायपीठ मिळालं, मराठवाड्यातल्या मृताला पंचनामा.

मित्रांनो, 'प्रतिष्ठित' या एका शब्दावर थांबा. गावात प्रतिष्ठित कोण, हे आपल्या गावगाड्यात कायद्याने नव्हे, जातीने ठरत आलं. मरणाचा सांगावा घेऊन दुसऱ्या गावी धावत जायचं काम महाराचं. सरणाची लाकडं फोडायची महाराने. बेवारस प्रेताची राखण करायची त्यानेच. मढ्याशी सगळ्यात जवळचा संबंध ज्याचा, त्याला प्रतिष्ठित माणूस म्हणून त्या मढ्याच्या कागदावर सही करायला कोण बोलावणार होतं? आजही अनेक शवागारांत प्रत्यक्ष चिरफाड करणारा हात सफाई कामगाराचा असतो. अहवालावर नाव मात्र दुसऱ्याचं.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावलं होतं आणि राज्यघटनेने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानलं याचं समाधान व्यक्त केलं होतं. मृत्यूच्या तपासात मात्र आपण अजून गावावरच विसंबून आहोत.

त्याची किंमत काय असते? आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातलं खर्डा आठवा. २८ एप्रिल २०१४ ला शाळकरी नितीन आगेचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. वरवर पाहता आत्महत्या. कुटुंब आणि चळवळ उभी राहिली म्हणून खुनाचा खटला चालला. पण साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिली शवचिकित्सा इतकी अपुरी होती की पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासणी करावी लागली. पहिल्या दोन दिवसांत जे नोंदवलं जात नाही, ते पुढे कुठलंही न्यायालय परत आणू शकत नाही.

कुणी म्हणेल, कोरोनर तरी कुठे निःपक्ष होता? खरं आहे. तो वसाहतीच्या सत्तेचाच नोकर होता. ज्या इंग्लंडमध्ये हे पद जन्मलं तिथेही १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियम दुर्घटनेनंतर पहिल्या चौकशीत 'अपघाती मृत्यू' असाच निष्कर्ष आला. पण मृतांच्या कुटुंबांनी तो मान्य केला नाही. २०१२ मध्ये तो रद्द झाला आणि २०१६ मध्ये नव्या ज्युरीने ते मृत्यू बेकायदेशीर हत्या असल्याचं सांगितलं. सत्तावीस वर्षं गेली, पण उघड चौकशीची चौकट होती म्हणून दार ठोठावता आलं. आपल्याकडे मुंबईतलं कोरोनरपद १९९९ मध्ये रद्द झालं. त्याच्या जागी अधिक चांगली, राज्यभर चालणारी स्वतंत्र यंत्रणा उभी करायला हवी होती. तसं न होता मुंबईही आपल्यासारखीच पोलीस पंचनाम्यावर आली. समानता आली, पण खालच्या पायरीवर.

एक सुधारणा मात्र झाली. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे दिली गेली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती तरतूद कलम १९६ मध्ये आहे. तिचं मोल परभणीने दाखवून दिलं. १० डिसेंबर २०२४ ला डॉ. आंबेडकर पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत श्वसनाच्या आजाराचा उल्लेख केला. शवचिकित्सेच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे आलेला धक्का असं कारण होतं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरीही गुन्हा दाखल होईना. सोमनाथच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं, तिची बाजू ॲड. प्रकाश आंबेडकरांनी मांडली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पोलिसांबाहेरचा माणूस तपासायला बसला की आजाराच्या जागी जखमा दिसतात. आणि चौकशी अहवाल आल्यावर पुढे आपोआप काय व्हावं, हे कायद्यात स्पष्ट नसेल तर एका आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागतं.

डॉक्टरही मोकळा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणला आपल्याच बीड जिल्ह्यातल्या एका तरुण डॉक्टरचा मृत्यू झाला. पोलिसांकडून येणाऱ्या दबावाबद्दल तिने आधीच लेखी तक्रार केली होती. मृत्यूचं कारण लिहिणारा हातच असा एकटा असेल तर त्या कागदाचा भरवसा कुणी धरायचा?

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी : प्रत्येक जिल्ह्यात पोलीस आणि महसूल खात्यापासून स्वतंत्र असा मृत्यू-चौकशी अधिकारी, उघड सुनावणी आणि अहवालानंतर ठरावीक मुदतीत कारवाई. ती मिळेपर्यंत हातात आहे तो कायदा वापरा. वस्तीत संशयास्पद मृत्यू झाला तर पंचनामा होताना हजर राहा, आपली शिकलेली मुलं-मुली पंच म्हणून पुढे करा, न वाचता सही करू नका. अंगावरच्या खुणा लिहिल्या गेल्या का ते पाहा. शवचिकित्सेच्या चित्रीकरणाची मागणी लेखी द्या. दंडाधिकारी चौकशी असेल तर नातेवाईकांना शक्य तिथे कळवणं आणि हजर राहू देणं कायद्यातच आहे, ते ठामपणे सांगा. संशय असेल तर प्रेत जाळण्याची घाई होऊ देऊ नका. पुरलेलं प्रेत दंडाधिकारी उकरून तपासू शकतो, राखेतून काहीच निघत नाही.

मोर्चा नंतरही काढता येतो. पंचनामा एकदाच होतो. पुढच्या वेळी कुणा बापाने "सह्या कुणाच्या?" असं विचारलं, तर त्यात निदान एक सही आपली असली पाहिजे.

जय भीम!