अर्धशिशीतील दुखरी त्वचा

अर्धशिशीच्या झटक्यात डोक्याची कातडी, कपाळ, कानशिले आणि कधी कधी मान व हातांची त्वचाही साध्या स्पर्शाने दुखू लागते. वैद्यकात या अवस्थेला अ‍ॅलोडिनिया म्हणतात. एरवी जाणवतही नाही असा स्पर्श या काळात असह्य होतो : कंगवा, उशी, चष्म्याची काडी, डोक्यावरचा पदर. घरात ही तक्रार ‘केस दुखतात’ एवढ्या दोन शब्दांत मांडली जाते आणि बहुधा हसण्यावारी नेली जाते. ती खरी आहे. शिवाय झटका किती पुढे गेला आहे हे ओळखण्याची ती एक सोपी खूण आहे, आणि औषध केव्हा घ्यायचे याचा हिशेब या खुणेशी जोडलेला आहे.

पूर्वनोंदी : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील अर्धावभेदक हा अर्धशिशीच्या सर्वांत जवळचा मानला जातो. मात्र डोक्याला स्पर्श सहन न होणे हे लक्षण तेथे रक्तज शिरोरोगाच्या वर्णनात येते. अर्धावभेदक म्हणजेच आजची अर्धशिशी, असे समीकरण मांडणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. आधुनिक वैद्यकात सेल्बी आणि लान्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1960 साली अर्धशिशीच्या 500 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. डोक्याची कातडी हुळहुळी होण्याची तक्रार त्यांना सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत आढळली. पुढची चाळीस वर्षे हे निरीक्षण पाठ्यपुस्तकांतल्या तक्त्यांत पडून राहिले.

कारण : कपाळापासून माथ्यापर्यंतची त्वचा ट्रायजेमिनल या चेतातंतूच्या पहिल्या शाखेकडे असते. डोक्याच्या मागच्या भागाची जाणीव मानेतून वर येणारे चेतातंतू नेतात. दोन्हींचे निरोप मेंदूच्या बुंध्याशी आणि मानेच्या वरच्या मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोहोचतात. झटक्याच्या सुरुवातीला मेंदूच्या आवरणातील चेतातंतू चेतावतात आणि ठसठस सुरू होते. वाकले, खोकले की ती वाढते. मारा चालू राहिला तर पुढच्या टप्प्यावरील पेशी इतक्या हळव्या होतात की त्वचेकडून आलेला साधा निरोपही त्या वेदना म्हणून पुढे धाडतात. मग केस विंचरणे नकोसे होते. तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे थॅलॅमसमध्ये, हेच घडले की हातातील बांगडी किंवा अंगावरचे पांघरूणही टोचू लागते. त्वचेत बिघाड काहीच नसतो. म्हणून त्वचेवर लावायच्या मलमाने मूळ गोष्ट हलत नाही.

रामी बर्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये 42 रुग्णांच्या त्वचेची सहनशक्ती झटक्यात आणि झटक्याबाहेर उष्णता, थंडी व दाब देऊन मोजली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 79 टक्के रुग्णांत झटक्याच्या वेळी त्वचा दुखरी झालेली आढळली. 2004 साली याच गटाने ट्रिप्टान वर्गातील औषधांचा परिणाम तपासला. त्वचा दुखरी होण्याआधी औषध दिलेल्या झटक्यांपैकी 93 टक्के पूर्ण थांबले; नंतर दिलेल्यांपैकी केवळ 15 टक्के. रुग्ण थोडे होते, आणि पुढच्या मोठ्या चाचण्यांत हा फरक इतका ठळक दिसला नाही. तरी लवकर घेतलेले औषध अधिक उपयोगी पडते, यावर फारसा मतभेद उरलेला नाही.

प्रमाण : बंगळुरू आणि भोवतालच्या शहरी-ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत 2,329 प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला (25.2 टक्के) वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे 2015 साली प्रसिद्ध झाले. स्त्रियांत प्रमाण अधिक होते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत (2008) अर्धशिशी असलेल्यांपैकी 63 टक्क्यांना दुखऱ्या त्वचेचा अनुभव होता. वारंवार झटके येणारे, जुने दुखणे असलेले आणि नैराश्यही असलेले रुग्ण दुखरी त्वचा असणाऱ्यांत जास्त सापडतात. ज्यांची त्वचा दुखरी होते त्यांचे डोकेदुखीचे दिवस पुढे वाढण्याचा संभव अधिक, असे नेदरलँड्समधील अभ्यासातून 2013 साली दिसले.

याच अमेरिकी पाहणीतील बारा प्रश्नांची यादी आता सर्वत्र वापरली जाते. केस विंचरणे, केस मागे ओढून बांधणे, दाढी, चष्मा, कानातले, गळ्यातले, घट्ट कपडे, अंघोळ, उशी, गरम आणि गार यांचा स्पर्श असे तिचे विषय. मराठवाड्यात ही यादी विचारताना पदर, टोपी, हेल्मेट, मंगळसूत्र, कानातल्याचे केसांत अडकवलेले वेल आणि डोक्यावरच्या हंड्याखालची चुंबळ यांची भर घालावी लागेल. त्याशिवाय अर्धी उत्तरे ‘नाही’ अशीच येतील.

न्हाणे : या विषयात महाराष्ट्रातून झालेली सर्वांत लक्षवेधी नोंद मुंबईची आहे. डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून अंघोळ केल्यावर झटका येणाऱ्या 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणे 2006 साली ‘सेफॅलाल्जिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापली. हे निमित्त त्याआधी वैद्यकीय साहित्यात आलेच नव्हते. त्यांतील थोड्यांना न्हाणे हे एकच निमित्त होते. उरलेल्यांना ऊन, उपास, जागरण यांसारख्या इतर निमित्तांच्या जोडीने ते होते. मराठी घरांतल्या बायकांना यात नवल वाटले नसते. ‘न्हाल्यावर डोकं उठतं’ हे वाक्य आजीपासून नातीपर्यंत चालत आलेले आहे. लांब केस, ओले राहिलेले डोके, सणावाराला उपाशीपोटी केलेली अंघोळ आणि लगेच चुलीपाशी बसणे हे सगळे एकत्र येते, तेव्हा दोष नेमका कशाला द्यायचा हे ठरवणे अवघड जाते. एक गोष्ट मात्र वेगळी काढता येते. न्हाल्यामुळे झटका येणे निराळे आणि झटका चालू असताना डोक्यावर पडलेले पाणी टोचणे निराळे. दुसरी अवस्था अ‍ॅलोडिनियाची. डॉक्टरांना सांगताना आधी काय झाले, दुखणे की अंघोळ, हे सांगितले तर त्यांचे काम निम्मे होते.

कळंब परिसर : मराठवाड्यातील मांजरा नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव (जि. धाराशिव) कडक उन्हाळ्याचे. तालुक्यातील येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भर उन्हात भरते. ऊन, उपास, जागरण आणि गर्दी ही अर्धशिशीची चार ओळखीची निमित्ते तेथे एकदमच भेटतात. शेतावर डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल उन्हापासून वाचवतो. तोच रुमाल झटक्यात सैल करावा लागतो.

उपाय : डोके ठणकू लागताच, केस दुखायची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी घेणे हा पहिला. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि सुमाट्रिप्टान ही नेहमीची औषधे. सुमाट्रिप्टानचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2021 साली झाला. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असल्यास ते चालत नाही. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर नाकात मारायचा फवारा किंवा इंजेक्शन असते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान दहा किंवा अधिक दिवस घेतले जाऊ लागले, तर औषधांमुळेच रोजची डोकेदुखी मागे लागते. झटके वारंवार येत असतील तर प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट यांपैकी एखादे प्रतिबंधक औषध काही महिने देतात. टोपिरामेट गरोदरपणात टाळतात.

घरगुती उपायांत डोके बांधण्याचा मान मोठा आहे. सुरुवातीला ठसठस असताना घट्ट फडके अनेकांना बरे वाटते, आणि तीन-चार तासांनी तेच काढून फेकावेसे वाटते. दोन्ही अनुभव खरे. मधल्या काळात त्वचा बदललेली असते. हलका, सरकता स्पर्श आणि स्थिर दाब यांची दुखरी जाणीव वेगवेगळी असते, म्हणून कंगवा असह्य झालेली बाईसुद्धा कधी कधी तळव्याने कपाळ दाबून धरू शकते. सुंठेचा लेप वाळताना कातडी ओढतो, म्हणून त्वचा दुखरी झाल्यावर तो नकोसा होतो. बाममधील मेंथॉल थंडीची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंना चेतवते, आणि गार स्पर्शही दुखत असेल तर तेच झोंबते. बर्फाच्या पिशवीचेही तसेच : सोसवली तर उत्तम, नाही तर सोडून द्यावी.

बाकी गोष्टी साध्या. अंबाडा सोडणे, आकडे-चाप आणि गजरा काढणे, सैल वेणी, रुंद दातांची फणी, न दुखणारी बाजू उशीवर टेकणे, कोमट पाणी, अंधार. चंपी त्या दिवशी नको. घरच्यांनी प्रेमाने केस कुरवाळणेही नको, आणि हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

पुरुष : टोपी, हेल्मेट आणि दाढी करणे सोसत नाही, अशा पुरुषांच्या तक्रारी असतात; त्यांच्या नोंदी मात्र कमी आहेत.

वेगळी निदाने : वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, दुखरी कानशिले, चावताना जबडा भरून येणे आणि अंधुक दिसणे ही कानशिलाच्या रोहिणीच्या दाहाची लक्षणे असू शकतात. त्यात स्टेरॉइड तातडीने सुरू केले नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. ‘जुनी अर्धशिशीच असेल’ म्हणून घरी थांबू नये. कपाळाच्या एकाच बाजूला आग होऊन काही दिवसांनी पुरळ उठले तर ती नागीण असू शकते, आणि डोळ्याजवळची नागीण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी लागते.