इटलीचें द्राक्षमद्य आणि कोंकणचीं बंदरें

उत्तरेस वासिष्ठीच्या मुखाशीं दाभोळ आणि दक्षिणेस शास्त्रीच्या मुखाशीं जयगड. या दोन खाड्यांच्या मध्यें, नारळीपोफळींच्या छायेंत वेळणेश्वर वसलेलें आहे. कित्येक घराण्यांचें कुलदैवत म्हणून महाराष्ट्राला या गांवाची ओळख आहे. परंतु त्याच्या समोरचा समुद्र हा एके काळीं पूर्वपश्चिम व्यापाराचा राजमार्ग होता, आणि त्या मार्गानें येणाऱ्या मालांत इटलीच्या द्राक्षमद्याला मानाचें स्थान होतें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ या नांवाची सागरी वाटाडी लिहून ठेविली. तींत कल्याणच्या दक्षिणेस सेमिल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगारा अशीं बंदरें ओळीनें दिलीं आहेत. सेमिल्ला म्हणजे चौल. पुढच्या नांवांविषयीं मतभेद आहेत. तथापि पालैपत्मै म्हणजे दाभोळ आणि मेलिझैगारा म्हणजे जयगड, असें कांहीं संशोधक मानतात. वेळणेश्वराचें नांव त्या पोथींत नाहीं; पण हें अनुमान खरें धरलें, तर त्या दोन बंदरांमधून जाणारें प्रत्येक गलबत याच किनाऱ्यावरून गेलें असलें पाहिजे.

भरुकच्छ म्हणजे भडोच येथें काय खपतें याची यादी देतांना हा व्यापारी मद्याचें नांव प्रथम घेतो. इटलीचें मद्य विशेष चालतें, त्याखालोखाल लाओदिकेया व अरबस्तान येथील, असें तो सांगतो. राजासाठीं आणावयाच्या नजराण्यांत चांदीचीं पात्रें, गाणारे दास, सुंदर दासी, उंची वस्त्रें आणि निवडक मद्य यांचा तो उल्लेख करितो.

इटलीच्या मद्यांमध्यें त्या काळीं फालेर्नुमची कीर्ति अतिशय मोठी होती. काम्पानिया प्रांताच्या उत्तर सीमेवर मास्सिको पर्वताच्या उतारांवर त्याचे द्राक्षमळे होते. रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या मतें ज्वाला लावली असतां पेट घेणारें मद्य हें एकच. त्याचे उग्र, मधुर आणि सौम्य असे तीन प्रकार असत. माथ्यावरच्या मळ्यांतलें मद्य कौकिनियन, मधल्या उतारावरचें फाउस्तियन आणि पायथ्याचें फालेर्नियन. मधल्या उतारावरील मळ्याला फाउस्तुस नामक धन्याचें नांव होतें, आणि मशागतींत घेतलेल्या काळजीमुळें तेथील मद्याचा लौकिक वाढला होता. परंतु प्लिनीच काळजीच्या स्वरांत नोंदवितो, कीं लोकांचें लक्ष गुणापेक्षां भाराकडे वळल्यामुळें हा लौकिक आतां ओसरूं लागला आहे.

या कीर्तीच्या मागें कष्ट कोणाचे होते, हेंहि विसरतां येत नाहीं. कोलुमेल्ला हा त्याच काळांतील कृषिशास्त्रज्ञ लिहितो, कीं द्राक्षमळ्यांची मशागत बहुधा बेड्या घातलेल्या दासांकडून होत असे. म्हणजे राजाला जें मद्य नजर केलें जाई, त्याची वेलहि दासांनींच वाढविलेली असे, आणि त्याच नजराण्यांत दुसरे दास समुद्र ओलांडून येत.

हें मद्य मातीच्या उभट, दुकानी कुंभांत भरीत; पाझर थांबावा म्हणून कुंभ आंतून राळेनें सारवीत. एका कुंभांत सुमारें २५ लिटर मद्य मावे. काम्पानियाच्या किनाऱ्यावरून जहाजें अलेक्झांड्रियास जात. तेथून माल नाईल नदीनें कोप्तोसपर्यंत आणि पुढें उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावर पोंचे. बेरेनिके बंदराची वाट बारा दिवसांची होती. मग जुलैच्या सुमारास नैर्ऋत्य मान्सून धरून जहाजें भारताकडे निघत.

कोंकणांत मात्र हा व्यापार निर्वेध नव्हता. कल्याण हें पूर्वीं खुलें बंदर होतें. पण संदनेसच्या ताब्यांत गेल्यावर तेथें चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात, असें पेरिप्लस सांगतो. दक्षिणेकडील बेटांच्या आसपास चाचे असल्याचा इशाराहि तो देतो. राजांची चढाओढ आणि चाच्यांचें भय यांतून जें उरे, तेंच बंदरांच्या वाट्यास येई.

देशावर या व्यापाराच्या खुणा सांपडल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेंकडीवर सागरदेव पोसेडनची कांस्यमूर्ति आणि परदेशी धातुपात्रें निघालीं. नेवासें व जुन्नर येथें कुंभांचीं खापरें मिळालीं. अरिकमेडु येथें १९४५ सालीं मॉर्टिमर व्हीलर यांनीं उत्खनन केल्यावर इटलीच्या कुंभांकडे सर्वांचें लक्ष वेधलें. मात्र पुढें मातीची बारकाईनें परीक्षा झाली, तेव्हां पश्चिम भारतांतील रोमन समजलीं गेलेलीं कित्येक खापरें इराणी आखाताच्या बाजूनें आलेल्या निमुळत्या रांजणांचीं ठरलीं. त्यामुळें रोमन मद्याचा पसारा पूर्वीं मानला होता तितका मोठा नव्हता. पण त्याचें अस्तित्व खोटें ठरलें नाहीं. उलट, कोंकणचा समुद्र एका रोमचाच नव्हे, तर अरबस्तान आणि इराण यांचाहि शेजारी होता, हें अधिक स्पष्ट झालें.

मास्सिकोच्या उतारांवर द्राक्षें पुन्हां लावण्यांत आलीं, आणि १९८९ सालीं ‘फालेर्नो देल मास्सिको’ या नांवास इटलीच्या कायद्यानें संरक्षण मिळालें. तेथील गडद, भारदस्त तांबडें मद्य आज पुन्हां प्रसिद्ध आहे. प्राचीन मद्याची चव मात्र आतां कोणालाहि घेतां येणार नाहीं. तिची साक्ष पोथ्यांतील यादींत आणि मातीच्या खापरांत उरली आहे. आणि कोंकणच्या खाड्यांच्या गाळांत अशीं आणखी कांहीं खापरें दडलीं असल्यास, तीं शोधून त्यांची माती पारखण्याचें काम पुढच्या अभ्यासकांचें आहे.