खांदेरीचे कान : पाण्याखालील बिनतारी संदेशाचा इतिहास



मेहकरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. येथे पाणबुडीच्या आकाशकाविषयी, म्हणजे अँटेनाविषयी, बोलावे हे काहींना नवल वाटेल. परंतु विषयाचे मूळ आपल्या पैनगंगेच्या पाण्यातही दाखविता येते. नदीचे गोडे पाणी विजेचे दुबळे वाहक. खाऱ्या समुद्राची वाहकता साधारणतः त्याच्या शंभरपट. म्हणून रेडिओलहर समुद्रात शिरताच विझू लागते. २० किलोहर्ट्झची लहर दर पावणेदोन मीटरला आपल्या बलाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येते. दहा मीटर खाली जेमतेम पावणेतीनशेवा भाग उरतो. नेहमीच्या नभोवाणीच्या लहरी तर हातभर खोलीवरच क्षीण होतात.

संदेश घेण्यासाठी पाणबुडीने डोलकाठी वर काढावी, तर शत्रूला ती दिसण्याचा धोका. खोल राहावे, तर आज्ञाच पोहोचत नाही. या पेचातून दीर्घलहरींची केंद्रे जन्मली. जर्मनीने १९४३ मध्ये काल्बे येथे १००० किलोवॅटचे 'गोलियाथ' उभारले. भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' १९६७ मध्ये नौदलात आली, पुढील वर्षी 'खांदेरी'. (१६७९ मध्ये शिवाजीमहाराजांनी ज्या बेटावर दुर्ग बांधावयास घेतला, त्याचे हे नाव, मला त्याचा विशेष आनंद वाटतो.) पाणबुड्यांशी बोलणारे आपले केंद्र, 'कट्टबोम्मन', तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात १९९० मध्ये सुरू झाले.

२० किलोहर्ट्झची तरंगलांबी हवेत १५ किलोमीटर. मग पाणबुडीवरचा ग्राहक आकाशक लहान कसा चालतो? या पट्ट्यात दूरदूरच्या विजांचा गडगडाट इतका भरलेला असतो की आकाशक अकार्यक्षम असला तरी संदेश आणि गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. ग्राहकयंत्राचा स्वतःचा गोंगाट वरचढ होईपर्यंत काही बिघडत नाही. शिवाय पाण्यात तीच तरंगलांबी सुमारे ११ मीटरवर येते. विद्युत्क्षेत्राचा आकाशक भोवतालच्या खाऱ्या पाण्यात आपली शक्ती फार वेगाने गमावतो; तारेचे वेटोळे, जे चुंबकीय क्षेत्र टिपते, तुलनेने कमी गमावते. जेम्स वेट यांनी १९५२ मध्ये वाहक माध्यमात बुडालेल्या अशा वेटोळ्याचे गणित मांडले. हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९५८ मध्ये पाणबुडीच्या लहान आकाशकाच्या मर्यादा तपासल्या : वेटोळ्याभोवती जितकी मोठी कोरडी पोकळी, तितका पाण्यातील ऱ्हास कमी. फेराइटच्या गाभ्याभोवती गुंडाळलेली, परस्परांस काटकोनात बसविलेली दोन वेटोळी ठेवली, की नौकेचे तोंड कोणत्याही दिशेला असो, संदेश ऐकू येतो.

ऐकू येतो, पण उत्तर देता येत नाही. प्रक्षेपणाला गोंगाटाची ती सवलत नाही. तेथे लहानपणाची किंमत पुरी मोजावी लागते. २०१९ मध्ये, ज्या वर्षी माझगाव गोदीत बांधलेली नवी 'खांदेरी' नौदलात दाखल झाली, कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेने लिथियम निओबेटच्या साडेनऊ सेंटिमीटर लांबीच्या दांडीला कंपित करून ३५ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर प्रक्षेपित केली. तिचा पल्ला अद्याप फार थोडा आहे.