पट्ट्यावरची पूड

वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला की धार येते, असं आपण सहज म्हणून जातो. पण कोऱ्या चामड्याच्या अंगात तेवढी ताकद नसते. दाढी करताना पात्याची अतिबारीक कड ठिकठिकाणी लवते आणि कुठे कुठे तिचा कणभर टवका उडतो. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तरी तो पोलादाचा टवका कसा पाडतो, हे २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं. लवलेली कड चामडं सरळ करतं. टवका उडालेली जागा मात्र घासूनच काढावी लागते, आणि ते काम करते पट्ट्यावर चोळलेली पूड. या पुडीचं कूळ शोधायला गेलं की न्हाव्याची धोपटी मागे राहते आणि आपण भलत्याच कारागिरांच्या दारात जाऊन उभे राहतो. कारण वस्तऱ्याने ही पूड दर वेळी दुसऱ्याच्या धंद्यातून उसनी आणली आहे.

सगळ्यात जुनी ओळखीची पूड लाल. हिराकस भट्टीत खूप तापवला की त्यातला गंधक वाफांबरोबर निघून जातो आणि मागे लोहाच्या ऑक्साइडची तांबडी भुकटी उरते. आपला गेरू त्याच गोत्रातला. युरोपातले किमयागार तिला ‘मंगळाचं केशर’ म्हणत, कारण त्यांच्या लेखी मंगळ हा लोखंडाचा ग्रह. बेताने तापवलेली तांबडी भुकटी मऊ असते. ती सोनाराच्या कामाची, आणि पुढे दुर्बिणीचे आरसेही तिच्यावरच चकाकले. जास्त तापवली की ती जांभळट आणि कडक होते, मग पोलादाला चालते. चरबीत कालवून ही जांभळट भुकटी पट्ट्यावर चढली. तिच्या जोडीला कथलाची राख आणि पेन्सिलीतलं ग्राफाइटही आलं.

ती चढली तो काळ महत्त्वाचा. अठराव्या शतकात युरोपातले पुरुष स्वतःची दाढी स्वतः करू लागले. पॅरिसचा सुऱ्या-कात्र्या घडवणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने १७६९ साली त्यावर एक पुस्तकच लिहिलं. न्हाव्याचा हात धारेच्या दगडावर बसलेला असतो. घरच्या माणसाने दगड हाती घेतला तर वस्तऱ्याचं वाटोळंच व्हायचं. त्याला दगडाचं थोडं काम पट्ट्यावरच उरकून हवं होतं. मलमाची बाजारपेठ या गरजेतून उभी राहिली, असं मला वाटतं.

ही गरज ओळखली लंडनच्या जॉर्ज पॅकवुडने. १७९०च्या दशकात त्याने आपला पट्टा आणि मलम विकण्यासाठी वर्तमानपत्रं जाहिरातींनी भरून टाकली. त्यांत संवाद होते, कोडी होती, गाणी होती. १७९६ मध्ये त्याने या जाहिरातींचं पुस्तक काढून तेही विकलं. जाहिरातीचा इतिहास लिहिणारे आज त्याचं नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे.

पुढच्या पिढीत जॉन जोसेफ मेची याने ‘जादूचा पट्टा’ विकून १८३०च्या दशकात मोठी संपत्ती मिळवली आणि ती एसेक्समधल्या टिपट्री गावच्या शेतीच्या प्रयोगांत ओतली. मग १८५३ ते १८५६चं क्रिमियाचं युद्ध झालं. सैनिक दाढ्या वाढवून परतले, दाढी राखण्याची फॅशन आली आणि जादूच्या पट्ट्याचं गिऱ्हाईक ओसरलं.

दुसरी पूड आपल्या घरची. कुरुंदाचा दगड दक्षिण भारतात सापडतो. त्याची भुकटी लाखेत घोळवून आपले शिकलगार चाकं बनवत आणि त्यांवर तलवारी परजत. रत्नं घासणारेही तीच भुकटी वापरत. चार्ल्स ग्रेव्हिल याने १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडाची माहिती मांडली. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द तमिळमधून गेला, आणि संस्कृतात हाच शब्द ‘कुरुविंद’ या रूपात माणकासाठीही येतो. कठीणपणात हिऱ्याच्या खालचा मान याचा. आज धारेच्या मलमांत असणारं ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे कारखान्यात तयार झालेला कुरुंदच.

सगळ्यांत लाडकी पूड मात्र हिरवी. १७९७ साली पॅरिसमध्ये लुई निकोला वोकलँ सायबेरियातून आलेलं एक तांबडं-केशरी खनिज तपासत होता. त्यात त्याला नवा धातू सापडला. त्याची संयुगं इतके रंग दाखवत की धातूचं नाव ग्रीक भाषेतल्या ‘रंग’ या शब्दावरून क्रोमियम पडलं. पाचूचा हिरवा रंगही याच धातूमुळे असल्याचं वोकलँनेच दाखवलं. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की कुरुंदात हेच क्रोमियम किंचित मिसळलं की लाल माणिक होतं. क्रोमियमचं हिरवं ऑक्साइड आधी चिनी मातीच्या भांड्यांवर चढलं, चित्रकारांच्या पेटीत गेलं. १८५७च्या सुमारास कॅनडात थॉमस स्टेरी हंट याने नोटा छापण्यासाठी त्याची शाई सुचवली, कारण हा रंग आम्लाने, अल्कलीने पुसला जात नाही. अमेरिकेच्या हिरव्या नोटांमागे हीच शाई होती. नोटेला हवा होता तो रंगाचा टिकाऊपणा, वस्तऱ्याच्या कामी आला तो कणाचा कठीणपणा. हे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचे. इतके लहान कण पोलादावर इतक्या उथळ रेघा पाडतात की कातडीला पात्याचा खरखरीतपणा जाणवत नाही. ‘गुळगुळीत दाढी’ म्हणतात ती एवढीच.

गिलेटची फेकून द्यायची पाती १९०३ मध्ये बाजारात आली. आपल्याकडच्या सलूनमध्येही आता अर्धं ब्लेड बसवून काम झाल्यावर ते टाकून देतात. संसर्गाच्या भीतीने हे आलं आणि ते बरंच झालं. पट्टा उरला तो घरी वस्तरा बाळगणाऱ्यांकडे. त्यांच्याकडे लाल आणि हिरवं कधी एका चामड्यावर येत नाही, कारण जाडसर लाल कण हिरव्यात शिरला तर सगळी मेहनत वाया. मलम कुंकवाच्या बोटाइतकं घ्यायचं, तळहाताच्या उबेने चामड्यात मुरवायचं. जास्त झालं की कड गोल होते. मग पात्याची पाठ पुढे, धार मागे, अशा पाच-दहा हलक्या फेऱ्या. त्यानंतर पातं पुसून कोऱ्या चामड्यावर. पुन्हा हिरव्याकडे वळायचं ते थेट दाढी ओढू लागली की, महिन्या-दीड महिन्याने.